आंबोली, व्हाया आजरा

७ फेब्रुवारी १९९९, रविवार
निर्णय पक्का. एकट्याने सायकल टूर. कोल्हापूर, गारगोटी, आजरा, आंबोली. सगळा डोंगराळ मुलूख. आठवीच्या पोरांना सह्याद्रीचे घाट शिकवतो आणि स्वतः एकही घाट चढलेलो नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला शोभत नाही.
प्रीती आमच्या साक्षीला घेऊन माहेरी आजऱ्याला गेली, त्याला तीन आठवडे होत आले. चार दिवस म्हणून गेली होती. टूरचा आणि याचा काही संबंध नाही.
काल स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं. आमचे पी.टी.चे गणपतराव म्हणाले, वाटेत आजरा लागतंय न्हवं? म्हटलं, लागतं. नकाशाच तसा आहे.

११ फेब्रुवारी, गुरुवार
प्रॅक्टिस. रंकाळ्याला फेरी मारायला निघालो. वारा उलटा होता. भडंग खाऊन परत. टूरच्या आधी पाय दमवणं हा मूर्खपणा आहे.
शेजारच्या शालूबाईंनी विचारलं, प्रीती कधी येणार? म्हटलं, सुट्टी संपली की. त्या म्हणाल्या, कसली सुट्टी?
या बाईंना फार चौकशा.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
सायकल धुतली. तेल घातलं. गियरची सायकल घ्या म्हणून गणपतराव मागे लागले होते. गियर ही दुबळ्यांची सोय. माझी काळी सायकल लग्नाच्याही आधीची आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे.
हॉटेलच्या जेवणाने पोट बिघडलंय. झोप लागत नाही, म्हणून त्या दिवसाचा शांतपणे विचार केला. प्रीतीचा भाऊ संघर्ष जेवायला आला होता. घर वाढवायचा विषय निघाला. प्रीती म्हणाली, स्वयंपाकघराची खिडकी मोठी करूया, उजेड येत न्हाय. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. एवढंच वाक्य. त्यानंतर तिने सगळ्यांना भात वाढला, ताक वाढलं. म्हणजे राग नव्हताच. दोन दिवसांनी बॅग भरली.
टूरमध्ये असले विचार करायचे नाहीत. फक्त निसर्ग.

२० फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
निघालो. हवा उत्तम. पाय उत्तम. माणूस एकटा असला की किती हलका असतो.

त्याच दिवशी, दुपार
रस्त्याकडेच्या आंब्याखाली. नकाशात जो भाग सपाट दिसतो तो सपाट नाही. नकाशा काढणाऱ्याने या बाजूला पाऊल ठेवलेलं नसणार.
उसाच्या बैलगाड्या मला मागे टाकून जातायत. एका गाडीवर अंबूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनीच नाव सांगितलं, गावही सांगितलं, मी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, पावणं, सायकल मोडली व्हय?
म्हटलं, नाही, मुद्दाम चालतोय.
म्हणाल्या, मग गाडीत बसा की. मुद्दाम बसा.
तत्त्व म्हणून नकार दिला. गाडी वळणाआड गेल्यावर तत्त्वाचा जरा राग आला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गारगोटी मागे पडली. पंक्चर. पंप आणला होता, पंक्चर काढायचं सामान घरी राहिलं. चूक सायकलवाल्याची, त्याने आठवण करून द्यायला हवी होती. उसाच्या ट्रॅक्टरला मागून धरून चढ चढायचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. ड्रायव्हर जोतीराम याने ट्रॅक्टर थांबवून, खाली उतरून मला शिव्या दिल्या. मी मास्तर आहे असं सांगितल्यावर आणखी दिल्या.
डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर मुक्काम. सयाजीराव आणि धोंडुबाई, शेतकरी नवरा-बायको. ओळख ना पाळख, ओसरीत घोंगडं टाकून दिलं. भाकरी, झुणका, वर दूध. सयाजीराव माझं पंक्चर काढायला बसले. धोंडुबाईंनी चौकशी सुरू केली.
"कुठं निघालाय?"
"आंबोलीला."
"काय काम हाय तितं?"
"काम नाही. सायकलने जायचं, बघायचं, परत यायचं."
त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा ट्यूबकडे बघत होता.
"घरात कोण कोण हाय?"
"बायको, मुलगी. सध्या आजऱ्यात असतात. माहेरी."
"किती दिस झालं?"
"झाले थोडे."
"मग आंबोलीचं कशाला सांगताय," त्या म्हणाल्या आणि ताटली उचलून आत गेल्या.
खेड्यात अजून खेळाविषयी जागृती नाही. उद्या आजऱ्यात थांबायचंच नाही, असा आत्ता पुन्हा ठराव केला. फार तर पाणी पिण्यापुरतं.

२१ फेब्रुवारी, रविवार, सकाळ उलटल्यावर
हा चढ संपत नाही. वळण आलं की वाटतं, माथा आला. माथा येत नाही, पुढचं वळण येतं. मांड्यांना गोळे. तोंड कोरडं. बसायची जागा सोलून निघाली आहे. ढकलत चाललोय.
वरून येणारी एस.टी. अंगावर धूळ उडवून गेली. मागच्या खिडकीतून एक चिमुकला हात बाहेर आला आणि हलत राहिला. खेडोपाडी एवढं तरी कौतुक आहे. मीही हात केला, त्यात सायकल आडवी पडली.
सायकल उचलायला गेलो तर उचलेना. तिथेच मातीत बसलो. आसपास कोणी नव्हतं. थोडं रडू आलं. लिहून ठेवतो, कारण हे थकव्यामुळे होतं. शरीरातलं मीठ कमी झालं की असं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ, आजरा
क्रमाने लिहितो.
माथा आला. उतार लागला. उतारावर मागचा ब्रेक तुटला, मग मी आणि सायकल काजूच्या बागेत गेलो. कोपर, गुडघा, चष्म्याची काडी. काजूची पोती नेणाऱ्या टेम्पोने उचललं. ड्रायव्हर भला माणूस, दारापर्यंत सोडतो म्हणाला. मी गावाबाहेरच उतरलो. नदीवर तोंड धुतलं, केस विंचरले, शर्ट बदलला. सायकलवर बसून, घंटी वाजवत सासुरवाडीच्या दारात गेलो.
सासूबाई, म्हणजे बायडाबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मी जयभीम केला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कोपराकडे.
"पावणं, तुम्ही इकडं कसं?"
म्हटलं, आंबोलीला निघालोय, वाटेत गाव लागलं.
"आणि प्रीती?"
"तिचं काय?"
"ती सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला गेली की."
मी ओट्यावर बसलो. संघर्ष बाहेर आला. त्याने पाणी आणून दिलं. मग समोरच्या दुकानातून शालूबाईंच्या घरी फोन लावून दिला. दुकानदार, संघर्ष, सासूबाई, सगळे तिथेच उभे.
प्रीती फोनवर आली. म्हणाली, घराला कुलूप आहे, किल्ली तुमच्याकडं आहे, आम्ही शालूबाईंकडं बसलोय. मग म्हणाली, "बसमधनं बघितलं तुम्हाला. साक्षीनं हात केला."
"मग उतरली का नाहीस?"
"कशाला उतरू? तुम्ही आंबोलीला निघालेला. गणपतरावांच्या बायकोनं मागच्या आठवड्यात फोन केलता, तेव्हाच कळलं. आजऱ्यावरनं जाणार, पर थांबणार न्हाईत, असं सर सांगत होते म्हणाली."
हे मी खरंच म्हटलं होतं. स्टाफरूममध्ये, चहा पिताना, मोठ्याने.
"म्हणून निघालीस?"
"व्हय. दारावरनं घंटी वाजवत जाताना बघत बसू?"
मला पुष्कळ बोलायचं होतं. चढ, धूळ, कोपर, कशी अवस्था झाली ते. तोंडातून वेगळंच आलं. म्हटलं, "मी आंबोलीला जाणार नव्हतो."
"मग?"
"तुझ्याकडंच येत होतो."
दुकानदार बरण्या पुसायला लागला. मी म्हटलं, त्या दिवशी संघर्षसमोर खिडकीवरनं बोललो, ते चुकलं माझं.
ती म्हणाली, "घरी या. दुसऱ्यांचा फोन हाय हा."

२२ फेब्रुवारी, सोमवार
एस.टी.ने परत. संघर्षने सायकल टपावर चढवून दोरीने बांधली. ज्या चढाने मला दिवसभर छळलं तो बसने गप्पा मारता मारता संपवला. खिडकीतून बघितलं, तर चढ तसा मोठा नव्हता. हे कोणाला सांगायचं नाही.
घरी आलो. प्रीती शालूबाईंच्या पायरीवर बसली होती. मी कुलूप काढलं. ती आत गेली, स्वयंपाकघर बघितलं, बाहेर आली. कापूस आणि हळद घेऊन माझ्या कोपराशी बसली. म्हणाली, "एक तारखेपासनं मी शिवणक्लास घेणार हाय. सांजच्याला. साक्षीला तुम्ही बघायचं."
मी म्हटलं, बघू.
तिने हळद जरा जोरात दाबली.
म्हटलं, बघतो.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
टूरमधून शिकायला मिळालेल्या गोष्टींवर शाळेच्या अंकासाठी लेख द्या, असं गणपतराव म्हणतायत. विषय विचाराधीन.
नवा संकल्प: सकाळचा चहा मी करणार. प्रीतीने उठायचं नाही. आज सुरुवात. पाणी उकळलं, पावडर टाकली. साखर सापडेना. स्वयंपाकघरात उजेडच नाही, आणि डबे सगळे सारखे. आवाज देऊन विचारलं, साखर कुठल्या डब्यात असते? आतून उत्तर आलं, "हुडका."
लग्नाला दहा वर्षं झाली. हुडकलं. डाळ, रवा, मीठ, पुन्हा डाळ.
शेवटी बिनसाखरेचा चहा दोन कपांत ओतून घेऊन गेलो. चहा वाईट झाला होता. तिने कप संपवला.