दुसऱ्याच्या आवाजात

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय छोटू,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असतील असं धरून चालते. मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण बसून करायचं काम आहे, चालतं.

आमच्या शिवणखात्यातल्या रेडिओवर हल्ली जाहिरातीच फार, म्हणून काजं-बटणं करणारी बाई फोनवर पॉडकास्ट लावते. हवं तेव्हा ऐका, हवं तिथे थांबवा. मला हे प्रकरण नवीनच. परवा कॉलर लावत होते आणि त्या फोनमधून तुझा आवाज आला. सुई बोटात घुसली वगैरे काही नाही. मी कॉलर पुरी केली.

मग तिच्याकडून शिकून घरी जुने भाग ऐकत बसले. रेडिओची नोकरी सोडल्यापासून दर आठवड्याला बोलतोयस की तू. आम्हाला पत्ताच नाही.

बाबा तुझी सकाळची वेळ कधी चुकवायचे नाहीत. हात थरथरायचा, तरी बटण स्वतःच फिरवायचे. तू सोडलंस आणि तिथे दुसराच कुणी बोलायला लागला. बाबा म्हणायचे, "घसा बसलाय त्याचा." मी म्हणायचे, सर्दी असेल. शेवटपर्यंत त्या परक्या माणसाला ते तू समजून ऐकत राहिले. मी फोन केला की 'कामात आहे, नंतर बोलतो' असं लिहून पाठवायचास. त्यातच या पॉडकास्टची एक ओळ जास्त लिहिली असतीस, तर मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला असता.

बाबांवरचा भागही ऐकला. शेवटच्या दिवसांत तू त्यांना दुधात ब्रेड बुडवून भरवलास म्हणे. त्यांना तेव्हा पाणीसुद्धा गिळवत नव्हतं रे.

खात्यात तो भाग लागला तेव्हा बायका रडल्या. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "हा माझा भाऊ."

काजंवाली म्हणाली, "नशीबवान आहेस. माझा तर आईच्या आजारपणात फिरकलाही नाही."

मी हो म्हटलं. निदान तिला तरी वाटू दे, की असे भाऊ असतात.

तो भाग काढून टाक असं म्हणणार नाही. बोलतोस छान. फक्त, बाबांनी जाताना धरला होता तो हात माझा होता. नाव मात्र तुझंच घेत होते. हे तुला ठाऊक नसणार, म्हणून लिहिलं. हे तेवढं कुणाला ऐकवू नकोस.

उत्तराची वाट पाहत नाही.

ताई