मावशीची बाजू

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काकांना जाऊन आठ महिने झाले आणि मी त्यातले दोनच दिवस तुझ्याजवळ होते, हा तुझा टोमणा पोचला. पण या वेळी कारण ऐक. मनोरुग्णालयात ज्यांना मर्जीविरुद्ध ठेवलेलं असतं, त्यांच्या सुनावणीत आता कुठलाही वकील चालणार नाही, मान्यता मिळालेलाच लागणार. मी अर्ज केलाय. सध्या प्रशिक्षण, मग लेखी परीक्षा, मग तिघांसमोर मुलाखत. शिकवणाऱ्या बाई करड्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की रुग्णाला एकट्याने भेटायचं, नातेवाइकांना दाराबाहेर ठेवायचं आणि रुग्ण म्हणेल तेच मांडायचं, आपल्याला पटो न पटो.

परवा तुझ्या लेकाचा, दादाचा, फोन आला होता. त्याच्या कुणा मित्राची आई घरात सांभाळण्यापलीकडे गेली आहे म्हणे. मी उत्साहाने सगळं पढवलं: दोन डॉक्टरांचे दाखले, घरातल्या एकाचा अर्ज आणि मुख्य म्हणजे जिवाला धोका असल्याचा पुरावा, तारखांसकट. तो म्हणाला, तू तर मास्तरीणच झालीस. मी शेफारले.

तब्येत जप. माझ्यावरची माया टोमण्यांसकट चालू ठेव.

तुझी,
भिंगरी

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने ते तुझ्या काकांसाठी. छापखान्यात खिळे जुळवून त्यांची नजर गेली, तेव्हापासून चार वाजता मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. अक्षरओळखही त्यांनीच करून दिली, लग्नानंतर, रद्द प्रुफांवर. खुर्ची रिकामी आहे हे मला दिसतं, मी काही आंधळी नाही. पण चार वाजले की घसा आपोआप साफ होतो. सूनबाईंना ते बरं वाटत नाही.

दादाची बदली झाली आहे. जूनमध्ये घर बंद करून मी त्यांच्याबरोबर जावं असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. तो रागावला नाही, याचंच नवल. उलट फार गोड वागतो. गेल्या आठवड्यात त्याचे एक स्नेही चहाला आले. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी म्हटलं, वाण्याच्या दुकानात नोकरी लावताय का मला? ते सोडून सगळे हसले. जाताना त्यांनी दादाला बाजूला घेतलं.

हल्ली दादा वही ठेवतो. मंगळवारी सकाळी गॅस उघडा सापडला. मी तर नुकती उठून तोंड धूत होते. काल पुन्हा तेच. दोन्ही वेळा त्याने तारीख लिहिली. मीच विसरले असेन का गं? या वयात माणूस स्वतःवर पैज तरी कशी लावणार?

तू परीक्षेचं बघ. लोभ आहे तेवढा पुरतो, पण पत्र लांब लिहीत जा.

तुझी,
मावशी

दि. १५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वहीचं वाचून सगळं उलगडलं. मित्राची आई कुणी नव्हतीच. मी दादाला जे जे सांगितलं तेच तो एकेक करून जमवतोय. "तारखांसकट" हा शब्दसुद्धा माझा. चहाला आलेले स्नेही डॉक्टर होते.

फोन केला की तुझ्या सूनबाई उचलतात आणि तू झोपली आहेस म्हणतात, तेही सकाळी अकरा वाजता. म्हणून हे पत्र शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय. उद्या परीक्षा, परवा मुलाखत, शनिवारी मी येते. तोवर कुठेही जाऊ नकोस, कुणी कितीही गोड बोलावलं तरी. आणि गॅस तू उघडा टाकला नाहीस. पैज मी लावते.

रागव माझ्यावर, पण आपलं म्हणून रागव.

तुझी,
भिंगरी

दि. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शिंपीणबाईंनी इथे आणून दिलं. उशीर झाला गं. त्या शुक्रवारी दादा म्हणाला, डोळे तपासून येऊ. दार आतून उघडेना तेव्हा कळलं, डोळ्यांचा दवाखाना असा नसतो.

दादाच्या सांगण्यावरून शनिवारी तुला दारातूनच परत पाठवलं हे नर्सबाईंनी सांगितलं. वॉर्डात सोळा खाटा आहेत. खिडकी चार बोटं उघडते, त्यापुढे लोखंडी पट्टी. माझ्या शेजारची बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायची. तिला तीन वर्षांत कुणी भेटायला आलेलं नाही. ती मला रोज सांगते की आपला मुलगा उद्या येणार आहे. पहिल्या दिवशी मी हो म्हटलं. आता मला तिच्याकडे बघवत नाही.

नर्सबाईंच्या टेबलामागे मान्यता मिळालेल्या वकिलांची यादी आहे. सगळ्यात खाली तुझं नाव, हाताने नव्याने लिहिलेलं. मी त्यावर बोट ठेवलं. नात्यातला वकील चालत नाही म्हणाल्या. मग यादीतलीच जाड चष्म्याची एक बाई आली. तिने दादाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि मला विचारलं की तुम्हाला काय हवंय. तुझे काका गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, घरी जायचंय. तिने तेवढंच लिहून घेतलं. मग म्हणाली, मुलाचा अर्ज इतका नीटनेटका आहे की वकिलानेच सांगून लिहवून घेतल्यासारखा वाटतो. मी गप्प बसले. माझ्या तोंडून तुझं नाव जाणार नाही.

दुपारी गोळी देतात, मग ओळी एकमेकींवर चढतात. हे पत्र तीन सकाळी मिळून लिहिलं. अक्षराला हसू नकोस, माणसाला विसरू नकोस.

तुझी,
मावशी

दि. ६ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चष्मेवालीच्या हाती देतेय. ती माझ्याच वर्गातली, आणि तिला मी सगळं सांगून टाकलंय. मान्यता देणाऱ्या समितीलाही लिहून दिलं की अर्जदाराला पढवणारी मीच. चौकशी होईपर्यंत त्यांनी माझं नाव यादीतून काढलंय. सुनावणी वीस तारखेला, गुरुवारी. मी साक्ष देणार आहे.

माझ्यासाठी गप्प बसू नकोस. नाव गेलं तर पुन्हा अर्ज करता येईल. तू गेलीस तर मावशी कुठून आणू?

गुरुवारपर्यंत धीर धर, एवढाच हट्ट पुरव.

तुझी,
भिंगरी

दि. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझी गुरुवारची दगदग वाचली, हे कळवायला लिहितोय. आईने परवा स्वेच्छेने राहत असल्याच्या कागदावर सही केली. तेव्हा सुनावणी रद्द, आणि तुझ्या मैत्रिणीचं कामही संपलं.

मी जबरदस्ती केली नाही. एवढंच सांगितलं की साक्षीला उभी राहिलीस तर तुझं नाव कायमचं जाईल आणि सनदेवरही गदा येईल. पेन तिनेच मागितलं. कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, छपाईची एक चूकही दाखवली आणि सही केली.

आता ती शांत असते. मोठ्याने वाचणं थांबलंय. डॉक्टर खूश आहेत. जूनमध्ये तिला आमच्या नव्या गावाजवळच्या अशाच एका ठिकाणी हलवू. घराचं कुलूप बदललं आहे, तेव्हा उगीच तिकडे खेप घालू नकोस. तिला भेटूही नकोस, तिची झोप उडते. मी तिचा मुलगा आहे, वैरी नाही.

झालं गेलं विसरून माया राहू दे.

तुझा,
दादा

दि. १८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा उद्याचा दिवस उलटून गेलेला असेल. तसा हिशेब करूनच टाकतेय.

अर्ज कसा करायचा ते तू मला विचारलंस. पुरावा काय लागतो तेही विचारलंस. त्या सहीने काय होतं, हे मात्र विचारलं नाहीस. जो स्वेच्छेने राहतो तो स्वेच्छेने निघूही शकतो. तोंडाने म्हणायचं, मी निघते. डॉक्टरांना फार तर एक दिवस अडवता येतं, तेही लेखी कारण देऊन. त्या एका दिवसात तू नवे दाखले उभे करशील हे मी ओळखून आहे. म्हणून उद्या सकाळी आठ वाजता, डॉक्टर फेरीला यायच्या आधी, चष्मेवाली आणि मी वॉर्डाच्या दारात असू. नर्सबाई म्हणतात, गोळीच्या आधी मावशी स्पष्ट बोलते.

मी तिला एकदाच विचारणार आहे. माझं नाव, माझी सनद, तुझी बदली, यातलं काहीही मध्ये येऊ न देता. उत्तर तिच्या तोंडात घालणार नाही, कारण तू तेच केलंस. आणि माझ्या काळजीने ती म्हणाली की इथेच राहते, तर मला तेच खरं मानून त्या दारातून एकटीने परतावं लागेल.

ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

भिंगरी