खोली माझी, पाणी तुझं

दिनांक १४, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. पुढे 'आम्ही सगळे मजेत' असं लिहायची रीत आहे, पण तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं सगळं अंगण दिसतं, तेव्हा उगाच थापा कशाला मारू? पुढच्या घरातून मागच्या घराला पत्र पाठवणारी बहुधा मी पहिलीच. पण समोरासमोर आलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि तू तोंड फिरवतेस, म्हणून हा खटाटोप.

ह्यांचं बरं आहे. म्हणजे कंबरेचं हाड जुळतंय, पण जिना अजून बंदच. दिवसभर खालच्या नव्या खोलीत पडून भिंतीवरच्या ओलीकडे बघत असतात. काल म्हणाले, "अगं, हा डाग थेट तुझ्या मामांसारखा दिसतो. नाकासकट."

ओल कशाची ते तुला ठाऊक आहेच. बाबांनी जमिनीचे दोन भाग केले, पुढचा मला, मागचा तुला, पण तुझ्या पाण्याचा पाइप माझ्या भागाखालूनच राहिला. खोलीचा पाया खणताना तू आलीस आणि म्हणालीस, "इथं बांधू नकोस, खालून पाइप जातो." मी म्हणाले, "माझ्या जागेत काय बांधायचं ते तू नको सांगूस." तेव्हापासून आपलं बोलणं बंद. आता तो पाइप फुटलाय, नेमका ह्यांच्या खाटेखाली, आणि पाणीखात्यानं तुझं पाणी तोडलंय.

पाणीखात्याचा मुकादम पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, जमीन तुमची, पण या पट्ट्याखालून पाइप न्यायचा आणि लागेल तेव्हा उकरायचा हक्क आमचा. वहिवाटीचा हक्क म्हणतात त्याला."

"घरपट्टी कोण भरतं?" मी विचारलं.

"तुम्ही."

"आणि हक्क?"

"आमचा."

मग माझं त्यात काय, फक्त गवत? मला काही उमजेना.

वकिलाकडे गेले, तर आगीतून फुफाट्यात. तो म्हणाला, जमीन तुमचीच, फक्त तिच्या वापरावर बंधन आहे. पण बांधलेली खोली फोडायची तर त्यांना कोर्टाचा हुकूम लागेल. तुम्ही दार उघडूच नका. कंटाळून ते मागच्या रस्त्यानं दुसरी लाइन टाकतील आणि तुमची जागा कायमची मोकळी होईल. मी विचारलं, "तोवर मागच्या घरानं काय करायचं?" तो म्हणाला, "तो त्यांचा प्रश्न." मी मान हलवली खरी, पण रस्त्यात डोक्यात तेच घोळत राहिलं. 'त्यांचा' म्हणजे माझ्या ताईचाच ना?

तरी दार उघडलं नाही. माणसं फावडी-पहारी घेऊन आली आणि मी आतून कडी लावून बसून राहिले. बरोबर केलं की चूक, ते तेव्हाही कळलं नाही.

तू कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी आणतेस ते मला दिसतं. दोन्ही हातांत बादल्या, आणि मधेच थांबून कंबर धरतेस. एवढं होऊन तू भांडायला कशी येत नाहीस? तू आणि गप्प! मला वाटलं, नक्की काहीतरी शिजतंय.

आज मुकादम पुन्हा आला. मी खिडकीतूनच ओरडले, "आधी हुकूम आणा!"

तो म्हणाला, "हुकूम आणायला मागच्या ताईंची तक्रार लागते, आणि त्या ती करत नाहीत. म्हणतात, आमचे मेहुणे आत आजारी आहेत, ते चालायला लागेपर्यंत फरशीला हात लावायचा नाही."

ताई, हे काय करून बसलीस तू? तक्रारीचा हक्क तुझा, पाणी तुझं, आणि बादल्याही तूच वाहायच्या? इतके दिवस मी तुझ्यावरचा राग जपून ठेवला, तो आता ठेवू कुठे? मला रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा तुझाच राग आला.

मुकादमाला उद्या सकाळी बोलावलंय. फरशी फोडा म्हटलं. वकिलाला विचारलेलं नाही.

आता इतका वेळ जे टाळलं ते लिहिते. फरशी उकरल्यावर ह्यांना ठेवू कुठे? वर नेता येत नाही. तुझं घर बैठं आहे आणि पुढची खोली रिकामी आहे. आमची खोली पुन्हा नीट होईपर्यंत ह्यांची खाट तिथे टाकू देशील का? हे मी बहीण म्हणून हक्कानं मागतेय की निर्लज्जपणे उपकार मागतेय, ते खरंच कळत नाही. आपल्या दोघींत कोणाचा कोणावर किती हक्क, हे वाटणीच्या वेळी बाबांनी काही सांगितलं नव्हतं.

तू काहीही म्हणालीस तरी फरशी फुटणारच. तुझं पाणी मी आता अडवणार नाही. हो असेल तर लांबून नुसती मान हलव, मला पुरे. पण नाही म्हणायचं असेल, तर स्वतः ये आणि माझ्याशी बोलून नाही म्हण.

तुझी,
धाकटी