मधल्या दाराची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, तेलवाहू जहाजे बांधणाऱ्या गोदीतला निवृत्त वेल्डर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

एक. बँकेतली ठेव पत्नीची. कोणाही मुलाच्या गोड बोलण्याला भुलून तिने ती मोडू नये.

दोन. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले पितळी जहाज फोरमनला परत द्यावे. खऱ्या जहाजाच्या डेकवर तो सायकलने फिरायचा आणि आम्ही खाली, तेलाच्या टाक्यांच्या पोटात, घामाने निथळायचो. आता धूळ त्याने पुसावी.

तीन. घर. थोरला माझ्या हाताखाली वेल्डर झाला, धाकटा जहाजे तोडणाऱ्यांकडे गॅस कटर. मी आणि थोरल्याने बांधलेले सर्वांत मोठे जहाज म्हातारे होऊन भंगारात निघाले, ते नेमके धाकट्याच्या यार्डात. त्याने ते कापले. "मी नाही तर दुसऱ्याने कापले असते," हे त्याचे म्हणणे खरे होते. पण खरे बोलून भांडण मिटल्याचे मी पाहिलेले नाही. थोरल्याने बोलणे टाकले आणि घराच्या दोन भागांमधले लोखंडी दार कायमचे बंद करा म्हणाला. धाकटाही म्हणाला, कराच. राग आज ना उद्या ओसरला असता. चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके घालून नुसते चिकटवले असते तरी भागले असते. पण हाताला सवय तेलाचा थेंब न गळू देण्याची. मी चारही बाजूंनी सांधा भरला. तेव्हापासून ही एका सुनेकडून दुसरीकडे जायला काठी टेकत रस्त्याने वळसा घालते. मला ते बघवत नाही.

सबब, दोघांनी मिळून दार उघडले तरच घर त्यांचे. धाकट्याने कापावे, थोरल्याने दार धरावे. नाहीतर घर माझ्या मेहुण्याला, ज्याचे तोंड दोघांनाही बघायला नको असते.

हे हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे दार उघडायला तुम्ही मरायची वाट बघू? तोवर माझे पाय टिकायचे नाहीत." आणि काठी घेऊन बाहेर पडली.

चार. हे कलम साक्षीदारांसमोर आत्ता जोडत आहे. पलीकडे दाराशी धाकट्याचा कापायचा गॅस पेटला आहे. थोरला म्हणतोय, "वाकडं कापतोयस." धाकटा म्हणतोय, "मग ये, तू काप." दोघे कडाकडा भांडत आहेत. किती वर्षांनी ऐकतोय. कलम तीनमधली अट रद्द. घर दोघांचे, समान. मेहुण्याला कळवू नये. सही हलली आहे, ती वयामुळे असे समजावे.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचा क्रेनवाला (सही), शेजारची नर्स (सही)
तारीख: नऊ मार्च, रविवार
ठिकाण: राहते घर, दोन्ही भाग