पाय उचलला की खिळा

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच घातला, गोड मानून घे). तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळ्या वेळेवर घे आणि डॉक्टरला शिकवत बसू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देशील तर ना!

तुझ्या भाचीचं गाणं हल्ली सलूनपासून बँकेच्या रांगेपर्यंत वाजतंय, हे तुला कळलंच असेल. पण झालं कसं ते माझ्याकडून ऐक, पेपरवाल्यांनी नुसत्या थापा मारल्यात. गाणं रेकॉर्ड करायला तिने माझ्या सोफ्याच्या दुकानाची मागची खोली मागितली. तिथे भिंतींना फोमच्या गाद्या टेकवलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. म्हणाली, "बाबा, मी रेगे करणार" (ते जमैकाकडचं ठेक्याचं गाणं असतं म्हणे). मी म्हटलं, कर बाई, फक्त सोफ्यावर चढून करू नकोस.

नेमका त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांचा सोफा द्यायचा होता. ती आत गातेय, मी दाराशी रेक्झिन ठोकतोय. आता मी काही अगदीच अडाणी नाही. पोरीच्या मध्ये आपली लुडबुड नको, म्हणून मी तिच्या पायावर नजर ठेवली. ठेका धरलेला पाय जमिनीवर पडला की मी गप्प, उचलला की एक खिळा. अख्खा सोफा असा सभ्यपणे ठोकला. पुढे कळलं की रेगेची सगळी मजा पाय उचललेला असतो तिथेच असते! गाणं पंधरवड्यात कुठल्या कुठे गेलं. लोक तिच्या आवाजाचं कौतुक करतात (करणारच, गळा आपल्या आईचा आलाय), पण "ती ठकठक कोणाची?" हे आधी विचारतात. दुकानात येतात, सोफ्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि हातोडीचा फोटो काढून जातात.

शनिवारी आठ हजार माणसांपुढे तिचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. त्यासाठी तिच्या ड्रमवाल्याला मी आठवडाभर शिकवलं. केस कमरेपर्यंत आणि हातोडी धरतो चमच्यासारखी! परवा अंगठा ठेचून घेतलाच. ती धावत दुकानात आली, "बाबा, आता तुम्हीच या ना ठोकायला." माझ्या तोंडात बारा खिळे (आमच्या धंद्यात ते ओठांतच धरतात), बोलता येईना आणि मान आपोआप आडवी हलली. पोरगी पाय आपटत निघून गेली. तेव्हापासून घरात चहाचा कप माझ्यापुढे आदळला जातो.

खरं सांगू? मला भीती वाटते गं. सोफ्यांसमोर आयुष्य गेलं, ते कधी टाळ्या वाजवत नाहीत. पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. असो. नाही म्हटलं म्हणजे नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

तुझा,
धाकटा

ता. क. शब्द म्हणजे शब्द हे खरं, पण तुझ्यापुढे तो कधी टिकलाय? तू एक खरमरीत पत्र लिहून "मुकाट्याने जा" म्हणून फर्मावलंस, तर मला जावंच लागेल.

ता. क. २. हे पत्र शनिवारच्या आत पोचणार नाही असं लक्षात आलं, म्हणून तुझं ते पत्र मीच लिहिलं आणि काल जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. फार लागेल असं बोललीस तू मला. पोरीने गळ्यात हात टाकून माझी समजूत घातली, "बाबा, आत्याचं मनावर घेऊ नका." कार्यक्रम झाला की पुढच्या आठवड्यात ती तुला फोन करणार आहे. तोवर राग ओसरू देऊ नकोस.