पॉट परत पाठवत आहे

हा-लेफोई, जिल्हा मोखोत्लोंग
गुरुवार, १७ जुलै १९८६

प्रिय आउसी पुसेलेत्सो,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. प्रभूच्या कृपेनं मी, न्याकालो आणि सासूबाई अशा आम्ही तिघी बऱ्या आहोत. तुमच्याकडेही सगळे तसेच असोत.

तू पाठवलेलं सामान शनिवारच्या बसनं पोचलं. आधी त्याचं लिहिते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. आईस्क्रीमचा लाकडी पॉट एक, खालची पट्टी जरा सैल. जाडं मीठ पाच किलो. साखर दोन किलो. व्हॅनिलाची बाटली एक, तिचं बूच गळकं, निम्मी उरली आहे. पुस्तक एक. टपावरून उतरवायचे ड्रायव्हरनं तीन मालोती मागितले, मी दोन दिले आणि देव तुझं भलं करो म्हटलं. मीठ मात्र तू उगाच विकत घेतलंस. गुरांना चाटायला घालतात ते खडे मीठ इथे पोतंभर पडलेलं असतं.

बाबांचा पॉट तू इतकी वर्षं माळ्यावर जपलास हे मला ठाऊक नव्हतं. मिशनच्या बाई देश सोडून जाताना त्यांनी तो सुतारशाळेतल्या बाबांना दिला, आणि बाबांनी घरी आणल्या आणल्या हँडलची मूठ बदलली, ती ऑलिव्हच्या लाकडाची मूठ अजून तशीच आहे. मी हात लावला आणि कुठे खाच आहे ते बोटांनाच आठवलं.

परवा मंगळवारी बर्फ पडलं. गुडघाभर. न्याकालो पॉट आल्यापासून खिडकीला नाक लावून बसलेली. तिला मी कितीदा सांगितलं असेल की आम्ही लहानपणी बर्फ पडलं की आईस्क्रीम करायचो, आणि हँडल फिरवणाऱ्याला दुसऱ्यानं पुस्तक वाचून दाखवायचं असा बाबांचा नियम होता. तिचा विश्वासच नव्हता. दहा वर्षांच्या पोरीला आई कधी दहा वर्षांची होती हे खरं वाटत नाही.

दूध तिनंच गोठ्यातून आणलं. मला गोठ्यात जाता येत नाही. तुमच्या सखल भागात हे आता इतकं कोणी पाळत नाही, पण इथे वर डोंगरात काळं अंगावर असलेल्या विधवेनं गोठ्यात पाय ठेवायचा नाही, दिवस मावळायच्या आत घरात यायचं, कोणाच्या ताटाला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेलाही मी दाराशी बसते. आजही तिथूनच येऊन हे लिहायला बसले आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही.

अंडी घातली नाहीत. मुलीच्या जातीनं अंडं खाऊ नये असं सासूबाईंचं म्हणणं. चमचाभर कॉर्नफ्लॉवर दुधात शिजवलं, ते चुलीवरून उतरवून बाहेर बर्फात निववलं, मग डब्यात ओतलं. भोवती बर्फाचा एक थर, मिठाचा एक थर, बाबा लावायचे तसेच. झाकणाच्या कडेपर्यंत मीठ येऊ द्यायचं नाही हे न्याकालोला तीनदा सांगितलं. तुला आठवतं, एका वर्षी तू गोष्टीच्या नादात मीठ वरपर्यंत भरलंस आणि आपण खारट आईस्क्रीम खाल्लं? बाबा म्हणाले, गुरं खातात, आपणही खाऊ. आणि सगळी वाटी संपवली.

सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांचं आधी हेच, की बर्फ देवानं फुकट दिलंय तर त्यात साखर ओतून नासवायचं, शिकलेल्यांची अक्कल ही. न्याकालोचे हात दहा मिनिटांत दुखले. मला वाचायचं होतं. मग त्याच पुढे सरकल्या, घोंगडी आवरली, पॉट दोन गुडघ्यांत धरला आणि म्हणाल्या की खाणीत गेलेल्या नवऱ्यामागं जातं मीच ओढलंय, हे काय मोठं.

तू तेच पुस्तक पाठवलंस. टपाल नेणाऱ्या घोडेस्वाराचं. मला वाटलं होतं ते हरवलं. पाठच्या कोऱ्या पानावर तुझी नि माझी पाळी लिहिलेली आहे, आणि वर्णनाची पानं आली की तू हँडल घ्यायचीस आणि वादळ आलं की पुस्तक ओढून घ्यायचीस हे त्या पाळीवरून स्पष्ट दिसतं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. असो, क्षमा केली आहे.

मी वाचायला लागले. पण पॉटचा घरघराट तुला माहीत आहे. त्यावरून ऐकू जायचं तर ओरडून वाचावं लागतं. आपण दोघी तर शेजारच्या मळ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या ओरडायचो. मी हळू वाचत होते. सासूबाई म्हणाल्या, "मान्याकालो, शब्द घशातच ठेवायचे असतील तर पुस्तक कशाला उघडलंस?"

मी म्हटलं, "काळ्यातल्या बाईनं आवाज चढवू नये, तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी हँडल थांबवलं. "वाच," म्हणाल्या. मी पानभर वाचलं. त्यांनी थोडं फिरवलं, परत थांबवलं. असंच चाललं. पानभर गोष्ट आणि दहा वेढे. न्याकालो वैतागली, असं थांबत थांबत केलं तर खडे होतात असं आई तूच म्हणालीस ना. खडे झालेच. पण ते पुढे.

आउसी, इथपर्यंत मी हात आखडून लिहिलं. आता खरं लिहिते. रागावशील तर रागाव, पण सगळं वाचून मग रागाव.

गेल्या तिन्ही पत्रांत मी तुला कळवलं की मोएकेत्सींचे थोरले भाऊ सेखोबे यांना खाणीतून रजा मिळत नाही, म्हणून माझं काळं उतरवण्याचा विधी लांबतो आहे. ते खरं नाही. मोएकेत्सी गेले सप्टेंबरात. काळ्याचे सहा महिने मार्चमध्ये भरले. भाऊजींचं पत्र फेब्रुवारीतच आलं होतं, की तारीख कळवा, मी रजा टाकतो. ते पत्र सासूबाईंना मीच वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, घरातली सगळी पत्रं मीच वाचते आणि मीच लिहिते. त्यांनी उत्तर सांगितलं: घाई नको, आधी लोकर कातरून होऊ दे. मी लिहिलं. एप्रिलमध्ये भाऊजींनी पुन्हा विचारलं. उत्तर: आधी कापणी होऊ दे. मी लिहिलं. मे महिन्यात: या थंडीत पाहुण्यांचे हाल. तेही लिहिलं.

मला एक ओळ बदलणं सोपं होतं. त्यांना कळलंही नसतं. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या तोंडी दुसरे शब्द घालणं म्हणजे आंधळ्याच्या वाटेत दगड ठेवणं, आणि ते पाप आहे हे आपण दोघी रविवारच्या शाळेत एकाच बाकावर शिकलो. म्हणून मी माझ्याच हातानं, माझ्याच वळणदार अक्षरात, माझ्यावर तीनदा दार लावून घेतलं. आणि तुझ्याशी मात्र खोटं बोलले, कारण माझी ही तऱ्हा तुला कळली असती तर तू हसली असतीस किंवा रडली असतीस, आणि मला दोन्ही सोसलं नसतं.

भाऊजी वाईट नाहीत. सासूबाईही वाईट नाहीत, एवढं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काळं उतरलं की मी न्याकालोला घेऊन तुझ्याकडे येणार, शाळेच्या कोठीघराचा हिशेब बघणार, हे मी त्यांना साधेपणानं सांगून टाकलं होतं. त्यानंतरच लोकर आणि कापणी सुरू झाली.

आणि सामानाच्या यादीत मी एक वस्तू लिहिली नाही. तो निळा झगा.

पॉटच्या आत, डब्यात, कागदात गुंडाळून तू घातला होतास, त्याबरोबर डोक्याचा रुमाल. मीच तुला विधी जुलैत बहुधा होईल असं मोघम लिहिलं होतं, म्हणून तू आधीच पाठवलास. चूक माझी. न्याकालोनं झाकण उघडलं आणि सासूबाईंसमोरच तो बाहेर आला. त्यांनी हातात घेतला, शिवण पाहिली, नीट घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, "विधवेचे नवे कपडे माहेरची माणसं हातात घेऊन येतात. बसच्या टपावरून आलेलं ते आलेलं नव्हे." यात त्यांची काही चूक काढता येत नाही. रीत तशीच आहे. पण पेटी त्यांच्या उशाशी असते, आणि तीन दिवस मी झाडताना ती पेटी सरकवून झाडत होते.

आता मंगळवारचं पुढे.

आपल्याला त्या पुस्तकाचा शेवट कधी कळला नाही, आठवतं? घोडेस्वार खिंडीतल्या झोपडीत अडकतो, म्हातारा मेंढपाळ त्याला ठेवून घेतो, बर्फ दार झाकतं, आणि नेमकं तिथे हँडल जड व्हायचं. आईस्क्रीम झालं, चमचे आणा, आणि पुस्तक कोपऱ्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून. परवाही तिथेच हँडल जड झालं. न्याकालो चमचे आणायला पळाली. मी पुस्तक मिटलं.

सासूबाईंनी झाकणावरचा हात काढला नाही. "तो सुटतो की नाही?" विचारलं.

मग मी पुढे वाचलं. न्याकालो चमचा तोंडात धरून बसली. घोडेस्वाराकडे लाकूडफाटा संपतो, खालच्या गावात कोणी शोधायला निघत नाही, कारण सगळ्यांना वाटतं तो सुखरूप कुठेतरी टेकला असेल. शेवटी तो टपालाची थैली खोगिराला बांधतो आणि घोड्याला एकट्यालाच खाली सोडतो. घोड्याला वाट ठाऊक. रिकामं खोगीर पाहून लोक त्याच्या पावलांवर वर येतात आणि त्याला घेऊन जातात. एवढंच आहे. आपण उगाच किती काय काय कल्पिलं होतं.

सासूबाईंनी झाकणावरचं बर्फ हातानं झाडलं. मग म्हणाल्या, "आणि तो म्हातारा?"

मी पान उलटून पाहिलं. शेवटचं पान पुन्हा वाचलं. म्हटलं, "त्याचं पुस्तकात नाही."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. नव्हतं. खोटं सांगता आलं असतं, की लोकांनी त्यालाही खाली नेलं. मला ते सांगावंसं वाटलं, आउसी, फार वाटलं. पण जे लिहिलेलं नाही ते मी त्यांना कधी वाचून दाखवलेलं नाही.

आईस्क्रीम खाल्लं. खडे होते, वर व्हॅनिला जास्त झालेला. सासूबाईंना दात चार, त्यांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, वाया घालवू नये म्हणून खाते. माझ्या वाटीला माझा वेगळा चमचा होता, काळ्यातल्या बाईचा. न्याकालोनं तो उचलून त्यानंच खाल्लं आणि आजीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दिवस कलला तशी मी उठून आत जायला निघाले. तेव्हा त्यांनी कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि निळा झगा माझ्या मांडीवर ठेवला. "असा आलेला मी घरात ठेवू शकत नाही," म्हणाल्या. "परत पाठव. ज्यांनी आणायचा त्यांनी आणावा."

एवढंच बोलल्या. ही परवानगी की नकार, मला कळलेलं नाही. दोन दिवस त्यांच्या तोंडाकडे बघते आहे, तिथे काही दिसत नाही. काल त्यांनी न्याकालोला विचारलं की तुझ्या मावशीच्या गावात बर्फ पडतं का. ती म्हणाली, क्वचित. त्या म्हणाल्या, मग हा पॉट तिथे काय कामाचा.

तरी पॉट परत पाठवत आहे, झग्याबरोबर तोही तुझ्या हातानं यावा म्हणून. झगा आणि रुमाल आतल्या डब्यात, वर हे पत्र. मीठ धुऊन, डबा तीनदा विसळून, पट्टी सुतळीनं बांधली आहे. शनिवारच्या बसनं निघेल, ड्रायव्हरला पैसे मी देते आहे, तू पुन्हा देऊ नकोस. पुस्तक ठेवून घेतलं, न्याकालो आजीला पहिल्यापासून वाचून दाखवते आहे. ती ओरडून वाचते. तिला मनाई नाही.

तू ये. मामाला घेऊन ये, विधीला त्याच्याशिवाय चालायचं नाही. झगा हातात धरून दारात उभी राहा, पॉटही आण. हेडमास्तरीणबाई कोठीघराची जागा ऑगस्टअखेरपर्यंत राखणार आहेत, पुढे त्यांनाही इलाज नाही. दारात आलेल्या माहेरच्या माणसांना हे घर परत पाठवणार नाही असं मी धरून चालले आहे. चुकीचं धरलं असेन तर तेही तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे, माझ्या पत्रांतून नको.

आणि उत्तर मला लिहू नकोस. सासूबाईंच्या नावानं लिही, मासेखोबे, सेखोबेंची आई, म्हणून. कोण येणार, कोणत्या शनिवारच्या बसनं, किती दिवस राहणार, भाऊजींना रजा टाकायला कोणी कळवायचं, सगळं स्पष्ट. मी कुठे जाणार तेही लिही. आणि सासूबाईंचं काय, दर हिवाळ्यात न्याकालो वर येईल की त्याच तुमच्याकडे खाली येतील, जे तुझ्याकडून होईल तेवढंच, पण लिही. ते पत्र त्यांना मीच वाचून दाखवणार आहे, आणि त्यात असेल तो प्रत्येक शब्द मला मोठ्यानं वाचावा लागेल. त्यात नसेल ते मला वाचता येणार नाही.

उलट टपाली लिही.

तुझी,
केनेवे

(बारा वर्षं पत्राखाली लग्नातच सासरनं ठेवलेलं मान्याकालो, न्याकालोची आई, असं लिहीत आले, लेक नंतर झाली. केनेवे हे नाव इथे कोणाला माहीत नाही.)