मागच्या शेगडीवरचं पातेलं

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी १० वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. ह्या वेळी माझी अब्रू गेली — रेडिओवर, लाखभर लोकांसमोर.

मी भोपळा चिरत होते, हे पेपर वाचत होते. मौनीची मुलाखत लागली होती. एकवीस वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात माझ्या हाताखाली होता, मी निवृत्त झाल्यापासून तिथला मुख्य शेफ आहे. मौनी हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण चव घेण्यापलीकडे तो कधी तोंड उघडायचा नाही. निवेदिकेनं विचारलं, बाईंच्या हाताखालचं सगळ्यांत अवघड काम कोणतं? हा शांतपणे म्हणाला, "शेवटची तीन वर्षं बाईंनी चाखलेलं मी पुन्हा चाखायचो. दुरुस्त करून मग बाहेर पाठवायचो."

निवेदिका हसली. ह्यांचा पेपर वर गेला.

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, ते ह्यासाठी!

माझ्या स्वयंपाकघरात एकच कायदा होता. शेवटची चव माझी. मी चमचा पातेल्यात घालायची, चाखायची, पटलं की झाकणावर दोनदा वाजवायची. पातेलं बंद. त्यानंतर कुणी त्याला हात लावला तर त्याच पावली घरी. मालकाच्या मेव्हण्यालाही सोडलं नव्हतं.

आणि सोन्याचा कलथा हे पदक मला मिळालं ते ह्याच तीन वर्षांत. भोपळ्याच्या सुपासाठी. देशात वर्षाला एकच देतात. मौनी खरं बोलत असेल, तर तो कलथा कुणाचा?

पण तो खोटं बोलतो आहे.


१५ सप्टेंबर

मौनीला पत्र टाकलं. शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, तक्रारीत आधी तारीख आणि वेळ, मग घडलेला प्रकार, शेवटी मुदत. मुदत नसली तर तिला कुरकुर म्हणतात. त्यांनी हातावर फूटपट्टी मारून शिकवलेलं मी आजवर विसरलेले नाही.

"तू केलेलं विधान धादांत खोटं आहे. पुढच्या रविवारी त्याच रेडिओवर ते मागे घे. तसं करणार असल्याचं गुरुवार, १८ तारीख, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव."

ह्यांना वाचून दाखवलं. "छान आहे," म्हणाले. हे भाजीलाही छान म्हणतात आणि मयताच्या बातमीलाही.

मी हॉटेलात लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बायकांना फक्त चिरायला ठेवायचे, शेगडीशी उभं राहायचं नाही. नऊ वर्षं मी कांदे चिरले. एका दुपारी मुख्य शेफ चक्कर येऊन पडला आणि बाहेर साठ माणसं बसलेली. मी सुरी ठेवली, चमचा उचलला. तो पुन्हा कुणाला दिला नाही. तो असा रेडिओवरून हिसकावून घेऊ देईन?


१६ सप्टेंबर

उत्तर नाही.


१७ सप्टेंबर

ह्यांना तपासणीला नेलं. रक्तदाब पुन्हा वर. डॉक्टर म्हणाल्या, "जेवणात मीठ कमी करा, मागेही सांगितलं होतं." मी त्यांना स्पष्ट सांगितलं, सव्वीस वर्षं मुख्य शेफ होते, मीठ किती घालायचं ते मला शिकवू नका. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.


१८ सप्टेंबर, गुरुवार

पाच वाजले. पत्र नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मौनी स्वतः दारात. केस पांढरे झालेत. चपला काढून उभा.

"लेखी मागितलं होतं," मी म्हटलं.

"मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, बाई."

"बोलता तर छान येतं. देशाने ऐकलं."

खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत होतं."

म्हणे माहीत होतं! मी पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, परीक्षा घे माझी. शनिवारी तीन वाजता, दुपारचं जेवण आटोपल्यावर. एकाच सुपाच्या पाच वाट्या, पाच वेगवेगळी मिठं. त्यातली माझी, म्हणजे मी झाकण वाजवीन अशी, मी ओळखते. हेड वेटरला साक्षीला ठेव.

"नको, बाई."

"घाबरलास?"

"हो," म्हणाला. घाबरलेल्या माणसासारखा मात्र दिसत नव्हता. ह्यांनी त्याला चहा दिला. दोघं गच्चीत हळू आवाजात काहीतरी बोलले. मी गेल्यावर गप्प.


२० सप्टेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण वही अर्धवट सोडायची नाही.

चार वर्षांनी त्या स्वयंपाकघरात गेले. फरशी तीच, माझ्या जागेसमोर झिजलेली. माझा चमचा खिळ्यावर टांगलेला, घासूनपुसून लख्ख. कुणी वापरत नाही, हेड वेटर म्हणाला.

पाच वाट्या मांडल्या होत्या, बुडाशी आकडे चिकटवलेले. मी सावकाश चाखल्या. मध्ये पाणी. पहिली पाणचट. दुसरीही. तिसरी, पाचवी तशाच. चौथीला मात्र जीव होता. भोपळ्याचा गोडवा, मागून मिरी, आणि मीठ नेमकं. मी चमचा उचलला आणि वाटीच्या कडेवर दोनदा वाजवला.

"ही माझी."

हेड वेटरनं त्याच वाटीतला एक घोट घेतला. चेहरा हलू द्यायचा नाही हे त्याला मीच शिकवलेलं. तरी डोळ्यांत पाणी आलं आणि तो खोकत मोरीकडे धावला.

मौनीनं वाटी वर उचलून बुडाचा आकडा दाखवला. पाच. सगळ्यांत खारट. नेहमीच्या तिप्पट मीठ. तीन आकडा असलेली, म्हणजे रोज बाहेर जाते ती, मी पाणचट म्हणून बाजूला सारली होती.

मी स्टुलावर बसले. त्या स्वयंपाकघरात आयुष्यात पहिल्यांदा.

"कसं करायचास?" मी विचारलं. "खारट झालेलं उतरवता येत नाही."

"मागच्या शेगडीवर तेच सूप अळणी ठेवायचो. तुम्ही झाकण वाजवलंत की गाळताना दोन्ही एकत्र. तुमच्या पातेल्याला कधी हात लावला नाही, बाई. जे केलं ते गाळताना."

मागची शेगडी! आठवलं. मी एकदा विचारलं होतं, हे कुठलं पातेलं? म्हणाला होता, रुग्णालयाची ऑर्डर आहे, त्यांना अळणी लागतं. मी म्हटलं होतं, "चांगलं आहे. रोज ठेवत जा." पुढे पदकाच्या परीक्षकांना तेही अभिमानाने सांगितलं, आम्ही रुग्णांसाठीही शिजवतो म्हणून.

"ऑर्डरवही तुमच्याच हातात असायची," मौनी म्हणाला. "त्यात रुग्णालय कुठेच नव्हतं. तुम्ही रोज ठेवत जा म्हणालात, तेव्हा मला वाटलं, बाईंनी ओळखलं. समजून घेतलं. एवढी मोठी बाई, एक शब्द न बोलता परवानगी देते — रेडिओवर मी तेच सांगितलं होतं. पुढचं त्यांनी कापलं."

मी वही पाहिली नव्हती. रोज हातात घेऊन फिरायची, पण त्या वेळी पाहिली नव्हती. पातेलं माझ्या नजरेसमोर तीन वर्षं उकळत होतं आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं.


२१ सप्टेंबर

ह्यांना समोर बसवलं. कधीपासून?

"जेवताना मी तांब्याभर पाणी पितो, ते तुला काय वाटलं?"

"सांगितलं का नाही?"

"तुला? कोण सांगणार? मौनीला विचारलं तर म्हणाला, तुम्ही घरचे, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तू पगारी, तू सांग."

म्हणजे दोघांची गच्चीत ही चर्चा चालली होती. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या भीतीपोटी रक्तदाब वाढवून घेतला. मी रागावले. मग उठून मिठाचा डबा ह्यांच्या हातात दिला. आजपासून मीठ तुम्ही घालायचं.

वरण केलं. मला गवतासारखं लागलं. ह्यांनी दोनदा भात घेतला आणि पाणी अर्धा पेला.


२२ सप्टेंबर

कपाटावरून कलथा काढला. परत पाठवायचा म्हणून गुंडाळला. पुन्हा सोडला.

परीक्षक जेवले ते सूप अर्धं माझ्या पातेल्यातलं होतं, अर्धं मागच्या. भोपळा कसा भाजायचा, मिरी केव्हा टाकायची, ते माझं. तेही मौनीला मीच शिकवलेलं. परत पाठवला तर माझ्याबरोबर त्याचंही श्रेय जाईल. ते मी होऊ देणार नाही.

कोरीवकाम करणाऱ्याकडे गेले. कलथ्यावरची पितळेची पट्टी बघून म्हणाला, "आजी, तुमच्या नावाखाली एक ओळ आरामात बसेल." आजी म्हणाल्याबद्दल त्याला माफ केलं.


२३ सप्टेंबर, मंगळवार

आज मौनीला टाकलेल्या पत्राची नक्कल:

"रेडिओवर केलेलं विधान मागे घेऊ नये. १५ तारखेचं माझं पत्र मी मागे घेत आहे. पदकाच्या पट्टीवर माझ्या नावाखाली आपलं नाव कोरायचं आहे. ते पूर्ण हवं की आद्याक्षरांसह, हे शुक्रवार, २६ सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत लेखी कळवावं. या खेपेस स्वतः येऊ नये. नकार ग्राह्य धरला जाणार नाही."